अधिक-उणे

अंबडच्या कारखान्यात माझं काम मोजण्याचं.
बेअरिंगची कडी येते,
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायची,
अधिक-उणे पाच मायक्रॉन चालतं,
सहावा दिसला की लाल क्रेट.
अठरा वर्षं झाली.
आता भाजीवाल्याकडचं गाजरसुद्धा
मी उजेडाकडे धरून फिरवून बघतो.

जुईलीचा स्कॉलरशिपचा सराव पेपर आला.
गणित ब्याऐंशी, बुद्धिमत्ता चौऱ्याहत्तर.
मी तोही उजेडाकडे धरला.
"हे आठ गुण कुठे सांडले?"
ती काही बोलली नाही.
नखाने टेबलाचा सनमायका खरवडत राहिली.
तिथे आता तालुक्याच्या नकाशाएवढा डाग पडलाय.
घरातली तेवढीच एक गोष्ट
मी अजून मोजलेली नाही.

रविवारी ओझरहून मेहुणा आला
आणि द्राक्षांच्या बारा रिकाम्या पेट्या टाकून गेला.
छपाई चुकलेली. घड उलटा, देठ खाली.
"रिजेक्ट माल आहे दाजी, रद्दीत घाला."
रद्दीवाला यायच्या आत
अद्वय एका पेटीत जाऊन बसला.
मग जुईलीने मागे दुसरी लावली.
मग तिसरी.
हॉलपासून गॅलरीपर्यंत
त्र्यंबकला जाणारी बस.

हर्षदा कणीक अर्धी टाकून आली,
कोपरापर्यंत पीठ, कंडक्टर झाली,
सुट्टे नाहीत म्हणून सगळ्यांवर ओरडली.
(अशी ओरडताना मी तिला
लग्नाआधी एकदा पाहिलं होतं, सीबीएसला.)

मी दारात उभा. विचारलं, "नियम काय आहेत?"
"अजून ठरले नाहीत," जुईली म्हणाली.
"पप्पा, तुम्ही सामान आहात. टपावर चढा."

सामान झालो.
गुडघे कानाला लागले.
सातपूर येईपर्यंत बसची होडी झाली,
गंगापूर धरणात मधोमध,
माझं घड्याळ काढून घेतलं, तो मासा होता,
त्याला उशीखाली पाण्यात सोडलं.
मग होडीचं इस्पितळ झालं. मुंग्यांचं.
त्यात मी सामानच राहिलो,
माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं,
आणि किती दिवसांनी
कुणाचं लक्ष नसणं मला इतकं बरं वाटलं.
तेवढ्यात तळ फाटला, मी धाडकन फरशीवर,
आणि पोरं हसली, अशी हसली
की खालच्या पगारकाकू विचारायला वर आल्या
आणि अर्धा तास रुग्ण म्हणून भरती झाल्या.

संध्याकाळी, सवयीने, तोंडातून गेलं,
"मग? जिंकलं कोण?"
दोघांनी माझ्याकडे बघितलं,
गोदावरीला कितवा नंबर आला
असं कुणी रामकुंडावर उभं राहून विचारावं, तसं.

सोमवारी कारखान्यात सहा मायक्रॉनची कडी आली.
लाल क्रेटमध्ये टाकली. तिथे माया चालत नाही,
कुणाचं तरी चाक मध्येच अडकेल.
पण टाकताना हात
एक क्षण हवेत राहिला.

घरी आलो. जुईली दारातच,
एका हातात सराव पेपर दुसरा,
कोपराला चिकटपट्टी,
तिच्यावर उलट्या घडाचा तुकडा.
मी विचारलं, "बस कुठे गेली?"
"ती आता बस नाहीये."
"मग काय आहे?"
"आधी बसा तर खरं."

रात्री ती झोपल्यावर मी पेपर पाहिला.
खोटं कशाला बोलू.
गणित ऐंशी. दोन उणे.
क्लासची फी भरलेली आहे, परीक्षा पंधरा दिवसांवर.
दिवा मालवला.
मग अंधारात चाचपडत
एका धड पेटीत
पाय आखडून
थोडा वेळ बसलो.
घड्याळ अजून उशीखालीच होतं.